चिखलातला जगज्जेता

नरखेड तालुक्यात शर्यत हा शब्द उच्चारला की डोळ्यांपुढे शंकरपट उभा राहतो. पिके निघून वावरे मोकळी झाली की आपल्या वऱ्हाड-नागपुराकडे पट भरतात. जोडी कोणाची, धुरकरी कोण, घड्याळात किती वेळ लागला, यावर चार-चार दिवस पारावर चर्चा चालते. ही शर्यत मध्यंतरी कित्येक वर्षे बंद होती. सर्वोच्च न्यायालयाने ७ मे २०१४ रोजी ती थांबवली, १६ डिसेंबर २०२१ रोजी महाराष्ट्राला अटी घालून परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने राज्याचा कायदा योग्य ठरवला. बैलाला काय सोसावे लागते, हा त्या वादाचा गाभा होता, आणि तो प्रश्न खोटा नव्हता.

आज मी ज्या शर्यतीविषयी सांगणार आहे तीही मातीवरचीच आहे. तीत बैल नाही, दोन चाकांचे यंत्र आहे. आणि जे काही सोसायचे ते सगळे माणसाने सोसायचे आहे. या शर्यतीला मोटोक्रॉस म्हणतात. तिच्या इतिहासात पुष्कळ मोठी नावे होऊन गेली, पण मी त्यांतले एकच निवडले आहे. बेल्जियमचा रॉजर डी कॉस्टर. एका कामगाराचा हा मुलगा ५०० सीसीच्या वर्गात पाच वेळा जगज्जेता झाला. त्याने आणखीही एक गोष्ट केली, ती मला जास्त महत्त्वाची वाटते. पण ती पुढे ओघाने येईल.

आधी खेळ कसा असतो ते पाहू. डांबरी सडकेवरची शर्यत आणि ही शर्यत यांचा काही संबंध नाही. टेकडीचा उतार, ओढ्याचा काठ, रेताड माळ, जंगलाची कड अशा जमिनीवर साधारण दीड-दोन किलोमीटरची वेडीवाकडी वाट आखतात. तीस-चाळीस गडी एका ओळीत उभे राहतात. आडवे लावलेले फाटक पडले की सगळे एकदम सुटतात आणि पहिल्या वळणावर एकच झुंबड उडते. पुढच्या चाकाने उडवलेली माती मागच्याच्या तोंडावर बसते. पाऊस असला तर दोन फेऱ्यांत वाटेचा रबरबीत चिखल होतो. ऊन असले तर धुळीत पुढचा माणूस दिसत नाही. डी कॉस्टरच्या काळात दिवसाला अशा दोन झुंजी होत आणि प्रत्येक झुंज चाळीस मिनिटे अधिक दोन फेऱ्या इतकी चाले. पहिल्या दहांनाच काय ते गुण मिळत, अकराव्याच्या हाती भोपळा.

चाळीस मिनिटे म्हणजे काय फार झाली, असे कोणी म्हणेल. पण त्यातला बहुतेक वेळ स्वार गादीवर बसलेलाच नसतो. पाय टेकवायच्या दांड्यांवर उभा राहून, गुडघे वाकवून तो गाडी चालवतो. पांदणीतून रिकामी बंडी हाकताना आपला कास्तकार साट्यावर उभा राहतो, तेव्हा धक्का कंबरेत बसू नये म्हणून गुडघे आपोआप सैल सोडतो. तसेच हे आहे, फक्त वेग कितीतरी पट. उंचवट्यावरून गाडी हवेत उडते, पुन्हा जमिनीवर आदळते, आणि तो आघात मनगटे, दंड, पाठ आणि मांड्या झेलतात. पंधरा-वीस मिनिटांत हाताच्या पोटऱ्या दगडासारख्या घट्ट होतात आणि बोटांनी ब्रेक दाबणे कठीण होऊन बसते. शर्यत तिथून पुढे जिंकायची असते.

या खेळाचा जन्म इंग्लंडातला. सरे परगण्यातल्या कँबर्ली येथील मोटरसायकल क्लबाने २९ मार्च १९२४ रोजी माळरानावर एक शर्यत घेतली. तोवर खडतर वाटेवरच्या स्पर्धा असत, पण त्यांत पाय न टेकता अवघड टप्पा पार करण्याला गुण मिळत. कँबर्लीकरांनी ती परीक्षा काढून टाकली आणि जो आधी पोचेल तो जिंकला असा सरळ हिशेब ठेवला. आर्थर स्पार्क्स नावाचा स्वार पहिला आला. इंग्रजांनी या प्रकाराला ‘स्क्रँबल’ म्हटले, म्हणजे धडपड करीत वर चढणे. पुढे खेळ फ्रान्स-बेल्जियमकडे गेला तेव्हा मोटरसायकल आणि रानातली दौड यांना दर्शवणारे दोन शब्द जोडून ‘मोटोक्रॉस’ हे नाव झाले, आणि तेच जगभर रूढ झाले.

दुसरे महायुद्ध संपल्यावर युरोपात हा खेळ विलक्षण फोफावला. १९४७ साली हॉलंडमधल्या वासेनार येथे राष्ट्राराष्ट्रांची सांघिक स्पर्धा सुरू झाली. १९५२ साली ५०० सीसी वर्गाची युरोपीय अजिंक्यपद स्पर्धा निघाली आणि १९५७ पासून तिला जागतिक दर्जा मिळाला. पहिला युरोपीय विजेता व्हिक्टर लेलू हा बेल्जियमचा, पहिला जगज्जेता बिल निल्सन हा स्वीडनचा.

आता नकाशा काढून पाहा. शिक्षक मंडळींनी वर्गात हे जरूर दाखवावे. बेल्जियमचे क्षेत्रफळ सुमारे साडेतीस हजार चौरस किलोमीटर. आपल्या नागपूर जिल्ह्यासारखे तीन जिल्हे एकत्र केले की जवळजवळ तेवढी जागा होते. एवढ्याशा देशाने या खेळात वर्षानुवर्षे साऱ्या जगाला पाणी पाजले. जोएल रोबेर सहा वेळा जगज्जेता, डी कॉस्टर पाच वेळा, हॅरी एव्हर्ट्स चार वेळा, आणि त्याचा मुलगा स्टीफन एव्हर्ट्स तर दहा वेळा. हे कसे घडले?

रक्तात असते, असे कोणी म्हणतात. मला ते पटत नाही. कारणे जमिनीवरच सापडतात. देशाच्या उत्तरेला लोमेल, मोल या भागात खोल रेती आहे. दक्षिणेकडे टेकड्या, झाडी आणि चिकट माती. दोन तासांच्या प्रवासात पोराला सगळ्या तऱ्हेच्या जमिनी पालथ्या घालता येतात. नामूर शहराच्या जुन्या किल्ल्याच्या उतारावर १९४७ पासून मोठी शर्यत भरे आणि २००७ पर्यंत भरत राहिली. झाडांच्या मधून, दगडी रस्त्यावरून, लोकांच्या अगदी अंगाजवळून गाड्या जात. लिएज शहराजवळच्या एर्स्ताल गावात एफएन आणि सारोलेआ हे कारखाने मोटरसायकली बनवीत. लेलूने १९५२ चे पद एफएनच्याच गाडीवर मिळवले. शिवाय सायकलशर्यत हे तर त्या लोकांचे वेडच. दर रविवारी कोठे ना कोठे शर्यत आणि पाहायला सगळा गाव. आपल्याकडे गावोगाव तालमी होत्या तेव्हा घरोघर पैलवान निपजत. त्यातलाच हा प्रकार.

रॉजर डी कॉस्टरचा जन्म २८ ऑगस्ट १९४४ रोजी ब्रसेल्सला लागून असलेल्या उक्ल येथे झाला. बाप पोलादाच्या कारखान्यात कामगार. युद्ध अजून चालू होते. घरात चैनीला जागा नव्हती. अशा घरातल्या मुलाला शर्यतीची गाडी कोण देणार? लहान इंजिनाच्या गाड्यांवर धडपड करीत, स्वतःच्या हाताने दुरुस्ती करीत तो वर आला. ही दुरुस्तीची सवय त्याला जन्मभर उपयोगी पडली. गाडी नुसती पळवणारे स्वार पुष्कळ असतात, पण गाडी कशामुळे अडखळते आहे हे कारखान्यातल्या इंजिनियराला नेमक्या शब्दांत सांगू शकणारा विरळा. डी कॉस्टर त्या विरळांपैकी होता.

त्याचे नाव झाले ते चेकोस्लोव्हाकियातल्या सीझेड कंपनीच्या गाडीवर. हा कारखाना स्ट्राकोनित्से गावचा. आता सीझेड म्हटल्यावर तुम्हाला अनोळखी वाटेल, पण जावा म्हटले की जुन्या माणसांचे डोळे चमकतील. जावा आणि सीझेड ही चेकोस्लोव्हाकियातली भावंडेच; परदेशांत त्या जोडनावाने विकल्या जात. त्याच जावाची गाडी १९६१ पासून म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात बनू लागली, पुढे तिचेच येझदी झाले आणि १९९६ साली तो कारखाना बंद पडला. तेव्हा ज्या घराण्यातल्या यंत्रावर डी कॉस्टर शर्यती शिकला, त्याच घराण्यातल्या यंत्राचा आवाज आपल्या इकडच्या सडकांनीही ऐकलेला आहे.

या गाड्यांत एक मोठी गोष्ट होती. मोटोक्रॉसमध्ये तोपर्यंत जड, चार फटक्यांच्या म्हणजे फोर-स्ट्रोक इंजिनांचे राज्य होते. इंग्लंडच्या जेफ स्मिथने १९६४ आणि १९६५ ची पदे बीएसएच्या तशाच गाडीवर जिंकली. टू-स्ट्रोक इंजिनात झडपा नाहीत, त्या उघडझाप करणारा दांडा नाही, आणि क्रँकच्या प्रत्येक फेऱ्याला एक ठोका मिळतो. म्हणून तेवढ्याच ताकदीला ते पुष्कळ हलके पडते. पेट्रोलमध्ये तेल मिसळावे लागते, धूर होतो, पण चिखलातून गाडी उचलायची असेल तर हलकेपणासारखे सोने नाही. पूर्व जर्मनीच्या पाउल फ्रीडरिक्सने सीझेडच्या टू-स्ट्रोक गाडीवर १९६६, १९६७ आणि १९६८ अशी सलग तीन वर्षे ५०० सीसीचे जगज्जेतेपद घेतले, आणि जुन्या जड गाड्यांचा जमाना संपला. ज्यांनी बैलजोडी विकून ट्रॅक्टर येताना पाहिला आहे त्यांना अशा बदलाचा अर्थ निराळा समजावून सांगायला नको.

जपानी मंडळी या खेळात उशिरा आली, पण आली ती तयारीने. सुझुकी कंपनीने ठरवले की उत्तम गाडीला उत्तम स्वार हवा, आणि तो बेल्जियममध्ये मिळतो. जोएल रोबेर आणि सिल्व्हाँ गेबर्स या दोघांना त्यांनी घेतले. रोबेरने १९७० साली २५० सीसीचे पद सुझुकीला मिळवून दिले. पाठोपाठ १९७१ साली डी कॉस्टर सुझुकीकडे आला आणि त्याच वर्षी ५०० सीसीचा जगज्जेता झाला. वय सत्तावीस. पुढच्या वर्षी, १९७२ साली, पुन्हा तोच.

सुझुकीच्या कारखान्याने त्याच्यासाठी केलेल्या गाड्या इतक्या हलक्या होत्या की इतरांनी ओरड केली. शेवटी जागतिक संघटनेने १९७३ साली गाडीचे किमान वजन ठरवून दिले. म्हणजे ज्याच्या बुद्धीने वजन उतरवले त्यालाच ते पुन्हा चढवावे लागले! काहींना हा अन्याय वाटला. मला तसे वाटत नाही. केवळ एका कारखान्याच्या तिजोरीवर निकाल लागू लागला तर गावातला हौशी पोरगा त्या खेळात कशाला उतरेल? आणि गंमत अशी की वजन वाढवूनही १९७३ चे पद डी कॉस्टरनेच घेतले. जर्मनीच्या माइको गाडीवरचा विली बाउअर शेवटपर्यंत त्याच्या मानगुटीवर बसला होता, थोडक्यात निभावले. सलग तीन वर्षे तीन पदे.

आता या माणसाचा स्वभाव सांगायला हवा, आणि त्यासाठी जोएल रोबेरशी तुलना करण्यावाचून गत्यंतर नाही. रोबेर हा ईश्वरी देणगीचा माणूस. विसाव्या वर्षी, १९६४ साली, तो जगज्जेता झाला. मग १९६८ पासून १९७२ पर्यंत ओळीने पाच वेळा. सिगारेट ओढावी, मित्रांत रात्र जागवावी, सरावाचे नाव काढू नये, आणि सकाळी शर्यत जिंकून यावी! तो २०२१ च्या जानेवारीत वारला तेव्हा साऱ्या युरोपने हळहळ व्यक्त केली. असा माणूस सर्वांना आवडतो. पण त्याचा कित्ता गिरवता येत नाही. रोबेरची नक्कल करायला गेलेला पोरगा सिगारेटीपुरतीच नक्कल करतो.

डी कॉस्टरची तऱ्हा उलटी. तो धावे, व्यायाम करी, खाण्यापिण्याचा संयम पाळी. त्या काळी मोटरसायकलवाल्याने व्यायाम करणे हीच लोकांना नवलाची गोष्ट वाटे. इंजिन गाडीला आहे, मग माणसाने कशाला पळावे? त्याचे उत्तर झुंजीच्या शेवटच्या दहा मिनिटांत मिळे. बाकीचे गडी थकून चुका करू लागत आणि हा घड्याळाच्या काट्यासारखा फेरीमागून फेरी काढीत पुढे सरके. उगाच धाडस नाही, गाडीवर अत्याचार नाही. धुरकऱ्यांत जसा एखादा असतो, जो पराणी न टोचता जोडी पळवतो, तसा. अमेरिकेतले चाहते त्याला नुसते ‘द मॅन’ म्हणत. आपल्या बोलीत म्हणायचे तर ‘खरा गडी’.

अर्थात अशा माणसालाही हरवणारा भेटतोच. १९७४ साली फिनलंडचा हेइक्की मिक्कोला हुस्कवार्ना गाडीवर आला आणि त्याने पद हिसकावून घेतले. मिक्कोला म्हणजे अंगापिंडाने दणकट, गाडी रेटून नेणारा. डी कॉस्टर दुसरा आला. त्या दोन वर्षांत गाड्यांचेही रूप बदलत होते. मागच्या चाकाला धक्का शोषणाऱ्या स्प्रिंगा आधी दोन-चार बोटेच हलत; आता त्या वीतभर हलू लागल्या. बेल्जियमच्याच ल्युसियाँ तिल्केन्स या इंजिनियराने दोन स्प्रिंगांऐवजी एकच मोठी स्प्रिंग बसवण्याची युक्ती काढली, ती यामाहाने उचलली आणि १९७३ साली स्वीडनच्या हाकान आंडरसनने तिच्यावर २५० सीसीचे पद जिंकले. मग प्रत्येक कंपनीला धावपळ करावी लागली. ज्या खड्ड्यापाशी पूर्वी वेग कमी करावा लागे तिथून आता सरळ उडी मारता येऊ लागली. आज आपल्या फटफटीवरून खराब रस्त्याने जाताना कंबर शाबूत राहते, त्यात चिखलातल्या या चढाओढीचाही थोडा वाटा आहे.

डी कॉस्टरने हार पचवली आणि १९७५ साली पद परत आणले; १९७६ सालीही राखले. पाच पदे पुरी झाली. ५०० सीसी वर्गात त्याचे ३६ ग्रांप्री विजय झाले. सांघिक स्पर्धेत तो संघात असताना बेल्जियमने सहा वेळा राष्ट्रांचा चषक उचलला. याच सुमारास युरोपचा हंगाम संपला की तो अमेरिकेला जाई आणि तिथल्या ट्रान्स-एएमए मालिकेत उतरे. १९७४ ते १९७७ अशी चार वर्षे ती मालिका त्यानेच जिंकली. अमेरिकेतली पोरे कुंपणाशी उभी राहून तो कसा वळतो, कोठे उभा राहतो, कोठे बसतो, हे टिपून घेत. गुरुजी आणि विद्यार्थी यांची ही पहिली भेट होती, फक्त दोघांनाही ते ठाऊक नव्हते.

वय कोणाला सोडत नाही. १९७७ आणि १९७८ ची पदे पुन्हा मिक्कोलाने घेतली, या वेळी यामाहावर. १९७८ साली सराव करताना डी कॉस्टर असा पडला की पोटातली प्लीहा फुटली आणि शस्त्रक्रिया करावी लागली. प्लीहा फुटणे म्हणजे पोटात आतल्या आत रक्तस्राव. वेळेवर इस्पितळ गाठले नाही तर माणूस हाती लागत नाही. तो त्यातून उठला आणि त्याच हंगामात पुन्हा गाडीवर बसला. ही गोष्ट मी कौतुकाने सांगत नाही. पडल्यानंतर किती दिवसांनी उठावे, हे ज्याच्या त्याच्या घरच्या माणसांना विचारावे.

इथे थोडे विषयांतर करतो. आपल्या तालुक्यातही नरखेड, जलालखेडा, मोवाड या सडकांवर संध्याकाळी पुढचे चाक उचलून गाडी हाणणारी पोरे दिसतात. हाही शर्यतीचाच प्रकार आहे असा त्यांचा समज असतो. मोटोक्रॉसचा स्वार डोक्यावर पूर्ण टोप, छातीला व पाठीला ढाल, गुडघ्याला चौकट आणि पायात गुडघ्यापर्यंतचे जाड जोडे घालून उतरतो. वाटेवर समोरून कोणी येत नाही, कडेला डॉक्टर आणि रुग्णवाहिका उभी असते. सडकेवर समोरून संत्र्यांनी भरलेला ट्रक येतो. शिवाय २०१९ च्या कायदादुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला पंचवीस हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. शाळेतल्या पालकसभेत हे एकदा वाचून दाखवायला हरकत नाही.

तर, डी कॉस्टर. १९८० साली तो सुझुकी सोडून होंडाच्या गाडीवर उतरला. हे शेवटचे वर्ष असे त्याने ठरवलेच होते. हंगामातली अखेरची शर्यत लक्झेंबुर्ग या चिमुकल्या देशात होती. छत्तीस वर्षांचा हा गडी, समोर दहा-दहा वर्षांनी लहान पोरे, आणि ती शर्यत त्यानेच जिंकली. त्या वर्षीचे जगज्जेतेपद त्याच्याच देशाच्या आंद्रे मालेर्बने मिळवले होते, पण अखेरच्या दिवशी लोकांनी पाहिले ते रॉजरलाच.

आणि आता ती दुसरी गोष्ट, जी मला पाच पदांहून मोठी वाटते.

१९८१ साली अमेरिकेच्या संघाला युरोपात नेण्याची वेळ आली. अमेरिकन स्वार तोवर सांघिक स्पर्धेत कधी जिंकले नव्हते. त्या वर्षी इतर कंपन्यांनी आपापले नामांकित स्वार पाठवायचे नाकारले. उरले फक्त होंडाचे चौघे: डॅनी लापोर्ट, जॉनी ओमारा, चक सन आणि डॉनी हॅन्सन. घरच्या लोकांनाही त्यांच्याकडून आशा नव्हती. संघाची व्यवस्था डी कॉस्टरकडे होती. विचार करा, बेल्जियमचा माणूस, बेल्जियमला हरवण्यासाठी परक्या देशाची पोरे घेऊन आला होता, आणि पहिली लढत होती बेल्जियममध्येच, लोमेलच्या खोल रेतीत!

ही रेती म्हणजे मोठी फसवी. चाक रुतते, गाडी साप चालल्यासारखी वळवळते, आणि नवख्याची पहिली इच्छा वेग कमी करण्याची होते. तिथे वेग कमी केला की संपलेच. वजन मागे टाकून, गाडीला डोलू देत, वेग धरून ठेवावा लागतो. डी कॉस्टरला त्या रेतीचा कण न् कण माहीत होता, आणि जे माहीत होते ते त्याने हातचे न राखता पोरांना सांगितले. अमेरिकेने लोमेलची स्पर्धा जिंकली. पुढे जर्मनीतल्या बीलश्टाइन येथे राष्ट्रांचा मुख्य चषकही जिंकला. आणि मग जे सुरू झाले ते १९९३ पर्यंत थांबले नाही. ओळीने तेरा वर्षे तो चषक अमेरिकेतच राहिला. त्या चौघांपैकी लापोर्ट तर पुढल्याच वर्षी, १९८२ साली, २५० सीसीचा जगज्जेता झाला. त्याच वर्षी ब्रॅड लॅकी हा ५०० सीसीचे पद मिळवणारा पहिला अमेरिकन ठरला.

बेल्जियममधल्या काही लोकांना हे रुचले नसणार. आपल्या तालमीचा उस्ताद दुसऱ्या गावच्या पोरांना डाव शिकवू लागला तर आपणही नाके मुरडूच. पण एक ध्यानात घ्या. विद्या देशाच्या कुंपणाआड कोंडून ठेवली असती तर बेल्जियमची पदे काही वाढली नसती. उलट दहा पदे घेणारा स्टीफन एव्हर्ट्स ज्या काळात वाढला, तो अमेरिकनांच्या दबदब्याचाच काळ होता. १९९१ साली अठराव्या वर्षी त्याने पहिले पद घेतले, २००६ साली दहावे. प्रतिस्पर्धी तोलामोलाचा असल्याशिवाय असा गडी घडत नाही.

डी कॉस्टर पुढे अमेरिकेतच राहिला. आधी होंडा, नंतर सुझुकी, मग ऑस्ट्रियाची केटीएम, अशा संघांची सूत्रे त्याने सांभाळली. रायन डंजी या स्वाराने २०१० साली त्याच्या हाताखाली सुझुकीवर पदे मिळवली. २०१२ साली केटीएमला अमेरिकेतले ४५० सीसीचे पहिले मोटोक्रॉस पद आणि २०१५ साली पहिले सुपरक्रॉस पद मिळवून दिले. म्हणजे डी कॉस्टरने सत्तरी ओलांडली तेव्हाही शर्यतीच्या दिवशी तो मैदानावर असे. स्वार म्हणून जेमतेम पंधरा-सोळा वर्षे, आणि शिकवणारा म्हणून त्याच्या दुप्पट. गुरुजनांनी हा हिशेब लक्षात घ्यावा.

आपल्या देशाचे काय, असे कोणी विचारील. हा खेळ भारतात मोठ्या शहरांभोवतीच वाढला. आपल्या राज्यात पुणे आणि नाशिक येथे त्याच्या राष्ट्रीय शर्यती झालेल्या आहेत. बेंगळुरूचा सी. एस. संतोष हा याच मातीच्या वाटेने वर आला, अनेकदा राष्ट्रीय विजेता झाला, आणि मग वाळवंटातल्या डाकार या जगातल्या सर्वांत खडतर दौडीकडे वळला. २०१५ साली ती पुरी करणारा तो पहिला भारतीय. क्रमांक ३६ वा. जानेवारी २०२१ मध्ये सौदी अरबस्तानात तो पडला, डोक्याला जबर मार बसला, डॉक्टरांना औषधाने बेशुद्ध ठेवावे लागले. तो वाचला आणि परत आला. त्याच दौडीत केरळचा हरिथ नोहा २० वा आला आणि २०२४ साली त्याने आपल्या उपवर्गात पहिला क्रमांक मिळवला. बेंगळुरूच्याच ऐश्वर्या पिस्सेने २०१९ साली बाहा शर्यतींचा महिलांचा जागतिक चषक जिंकला. मुलींनी ही गोष्ट ऐकून ठेवावी.

यंत्रे तर आपल्याकडे केव्हाच आली. १९८४-८५ च्या सुमारास सुझुकी, होंडा आणि यामाहा यांच्या शंभर सीसीच्या गाड्या भारतीय कारखान्यांतून निघू लागल्या आणि दहा वर्षांत खेड्यापाड्यांत पोचल्या. दूधवाला, कंपाउंडर, संत्र्याचा व्यापारी, सगळे त्यांवरून फिरू लागले. वर्धा नदीच्या काठच्या खडबडीत पांदणींवर फटफटी सांभाळणारी जी पोरे आहेत त्यांच्या गुडघ्यांत आणि मनगटांत ते कसब अर्धेअधिक आहेच. आखलेली वाट, जाणता उस्ताद आणि पडल्यावर सांभाळणारी व्यवस्था, या तीन गोष्टी मात्र नाहीत. त्यांतली पहिली सर्वांत स्वस्त आहे आणि तिसरी सर्वांत महाग. पहिली करून तिसरी विसरणारे आयोजक पुष्कळ निघतील, तेव्हा त्यांच्यापासून जपून.

२८ जानेवारी २०२४ रोजी पुण्याच्या बालेवाडी क्रीडासंकुलात भारतातल्या पहिल्या सुपरक्रॉस लीगची सुरुवात झाली. सुपरक्रॉस म्हणजे मोटोक्रॉसचेच शहरी भावंड. रान शहरात आणता येत नाही, म्हणून बाहेरून माती आणून ओततात आणि मैदानातच उंचवटे उभे करतात. ४५० आणि २५० सीसीच्या मोठ्या वर्गांत बहुतेक परदेशी पाहुणे होते. पण भारतीय आणि आशियाई स्वारांसाठी २५० सीसीचा एक वेगळा वर्ग होता, आणि एक ८५ सीसीचा वर्ग केवळ लहान पोरांसाठी ठेवला होता.